साडीगार्ड आधी, सायलेन्सर मग

वाचकहो, मोटारसायकलीच्या दुरुस्तीचा विषय या पानावर कशासाठी, असे आमच्या काही भगिनींना वाटेल. पण ज्या घरात मोटारसायकल आहे, त्या घरात तिच्या मागच्या सीटवर बसणारी बाईही आहे. चालवणारा मुलगा गाडी आपल्या हौसेने सजवतो आणि त्या हौसेची किंमत कधीकधी मागे बसणारी मोजते. आमच्या घरात हेच घडले, म्हणून आज हा विषय.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा सुरगाणा तालुक्यात आरोग्यसेवक आहे. पाड्यापाड्यावर जायचे, ताप आलेल्यांच्या रक्ताचे नमुने काचपट्टीवर घ्यायचे, विहिरीचे पाणी तपासणीला पाठवायचे, असे त्याचे काम. तिकडचा रस्ता म्हणजे पाच किलोमीटर डांबर, मग तीन किलोमीटर खडी, मग नुसती लाल माती आणि पावसाळ्यात तिचा झालेला राडा. नेहमीची शंभर-सव्वाशे सीसीची गाडी तिथे दरवर्षी रडत होती. म्हणून २०२२ साली त्याने हीरोची एक्सपल्स २०० ही गाडी जुन्यात घेतली.

या जातीच्या गाडीला इंग्रजी नाव आहे ड्युअल-स्पोर्ट. म्हणजे डांबरावर कायदेशीरपणे पळणारी आणि डांबर संपले तरी न थांबणारी. जपानच्या यामाहा कंपनीने १९६८ साली डीटी-१ ही गाडी अमेरिकेत विकायला काढली, तेव्हापासून या जातीला खरा बहर आला. आपल्याकडे २०११ साली हीरोची इम्पल्स आली. ती चांगली असूनही फार खपली नाही आणि काही वर्षांनी बंद झाली. २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ साली एक्सपल्स आली, आणि मग खेड्यापाड्यांतल्या तरुणांनाही ही चीज माहीत झाली. पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची, दोन्ही आऱ्यांची. पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. पुढचे शॉकअप १९० मिलिमीटर दबते, मागचे १७०. मोठे चाक खड्ड्यात पडत नाही, त्याच्यावरून जाते, आणि लांब शॉकअप धक्का पोटात घेते. सगळे गुपित एवढेच.

गाडी घेतली आणि मुलाच्या अंगात वारे शिरले. मोबाईलवर दिसते तशी गाडी हवी. तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात जाऊन त्याने पहिले काम काय केले असेल? मागच्या चाकाच्या बाजूचे साडीगार्ड काढून टाकले. का, तर ते शोभत नाही आणि चिखलात चाक धुवायला अडचण होते. नंतर मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. समोर दोन जळजळीत दिवे लावले.

२०२४च्या जून महिन्यात बहीण त्याच्याकडे राहायला गेली होती. वणीला जायचे म्हणून ती त्याच्या मागे एका बाजूला पाय टाकून बसली. हेल्मेट होते फक्त मुलाच्या डोक्यावर. गावाबाहेरच्या वळणावर गाडी नुकती वेग घेत होती, तेवढ्यात वाऱ्याने उडालेला पदर मागच्या चाकात गेला. आऱ्यांनी तो ओढला आणि बहीण पाठीवर रस्त्यात आली. वेग बेताचा होता, पाठीमागून वाहन नव्हते, पदराची पिन तुटली. या तीन गोष्टींमुळे आज आम्ही हे लिहीत आहोत. उजवे मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर.

आम्ही पोचलो तेव्हा मुलगा दवाखान्याच्या पायरीवर मान घालून बसला होता. म्हणाला, "मामा, उद्याच गाडी विकून टाकतो." आम्ही रागावलेलो होतो, आम्हीही म्हणालो, "विकच." तेव्हा आतून बहीण म्हणाली, "दादा, त्याला गाडी विकायला लावू नको. गाडी विकली तर हा पावसाळ्यात त्या पाड्यांवर कसा जाणार? याने गाडीचं जे काढलं ते परत लावू दे. आणि तू हिशेबाचा माणूस आहेस ना, मग बसून याचा हिशेब कर."

मग आम्ही खरोखरच हिशेबाला बसलो. वहीचे एक पान घेतले, मध्ये रेघ मारली, डावीकडे लिहिले 'गरज' आणि उजवीकडे 'हौस'. मुलाला सांगितले, गाडीवर करायचे प्रत्येक काम यापैकी एका बाजूला लिही, आणि डावी बाजू पुरी होईपर्यंत उजव्या बाजूला एक रुपया खर्च करायचा नाही. पुढचे दोन महिने दर रविवारी आम्ही त्याच्याबरोबर एका जुन्या मिस्त्रींकडे बसलो. त्या बैठकांत जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून क्रमाने मांडतो.

पहिली नोंद : साडीगार्ड आणि दुसरे हेल्मेट. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये १२३ क्रमांकाचा नियम आहे. मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला दांडी, पायाला फूटरेस्ट, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण हवे, असे तो नियम सांगतो. म्हणजे ज्याला आमची पोरे 'लोखंडाचं ओझं' म्हणतात तो कायद्याने बाईला दिलेला आधार आहे. चिखलाची अडचण खरी आहे, पण तिला उपाय म्हणजे आठवड्याला गार्डचे दोन बोल्ट सोडून आतला चिखल धुणे. गार्ड भंगारात घालणे हा उपाय नव्हे.

दुसरी नोंद : ब्रेक. मिस्त्रींनी पुढचे पॅड काढून दाखवले, तर घासायचा थर जवळपास संपला होता. चिखलात डिस्कवर बारीक वाळू चिकटते आणि पॅड डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी लवकर झिजतात. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते दोन वर्षांत एकदा बदलावे. या गाडीला एबीएस आहे, पण तो फक्त पुढच्या चाकाला. मागचे चाक जोरात दाबले तर लॉक होऊन घसरते. मुलाला हेच माहीत नव्हते. पाण्यातून बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलके ब्रेक दाबून डिस्क कोरडी करायची, हेही त्याला मिस्त्रींनी शिकवले.

तिसरी नोंद : आरे. मिस्त्रींनी चाक अधांतरी ठेवले, लहान पाना घेतला आणि एकेका आऱ्यावर टिचकी मारत गेले. घट्ट आरा टणत्कार करतो, ढिला आरा भदभद वाजतो. मागच्या चाकाचे सहा आरे भदभदत होते. ढिल्या आऱ्याचा भार शेजारच्या आऱ्यांवर येतो, मग ते तुटतात आणि रिम वाकडी होते. पण दिसला ढिला आरा की आवळ, असेही करायचे नाही. एकाच बाजूचे आवळले तर रिम त्या बाजूला ओढली जाते. थोडे थोडे, समोरासमोरचे, आणि प्रत्येक वेळी चाक फिरवून पाहत आवळायचे. महिन्यातून एकदा ही टिचकी मारायला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

चौथी नोंद : कोनसेट आणि पुढचे शॉकअप. हँडल जिथे फिरते तिथल्या बेअरिंगला आपल्याकडे कोनसेट म्हणतात. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश डावीउजवीकडे फिरवावे. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकले तर कोनसेट गेला समजावे. अशी गाडी सरळ जात नाही, लहरत जाते. या गाडीत अगदी तसेच होते. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळही दिसत होता. मुलाने नवे सील आणायचे ठरवले, तेव्हा मिस्त्री हसले. पुष्कळदा सील फाटलेले नसते, त्याच्या ओठात मातीचा कण अडकलेला असतो. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पातळ पट्टी कापून सीलच्या कडेने फिरवली की कण बाहेर येतो आणि गळती थांबते. एका बाजूची गळती अशीच थांबली. दुसऱ्या बाजूचे सील मात्र खरोखर गेले होते. ते बदलताना दोन्ही नळ्यांतले जुने तेल काढून दोन्हींत मापाने सारखेच भरले. एकीत जास्त, एकीत कमी असे चालत नाही.

पाचवी नोंद : एअर फिल्टर. उन्हाळ्यात खडीच्या रस्त्याची धूळ म्हणजे इंजिनाला सँडपेपर. फिल्टर फाटका असेल किंवा त्याचे झाकण नीट बसले नसेल, तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. पिस्टनच्या रिंगा झिजतात, गाडी तेल खाते, धूर सोडते. इंजिनाचे काम काही हजारांचे असते आणि फिल्टर काही शेकड्यांत येतो. कंपनीचे पुस्तक जितक्या किलोमीटरवर फिल्टर बदलायला सांगते, त्याच्या निम्म्यावर धुळीच्या मुलखात बदलावा, असे मिस्त्रींचे म्हणणे आणि आम्हांला ते पटले.

सहावी नोंद : चेन. चेन घट्ट असली की चांगली, हा गैरसमज आहे. लांब शॉकअपच्या गाडीत मागचे चाक खूप वरखाली होते आणि त्याबरोबर चेनवरचा ताणही बदलतो. चेन आधीच ताणलेली असेल तर खड्ड्यात ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. पुस्तकात सांगितलेली ढील ठेवावी, चिखल धुवावा, सुकवावी, मग तेल द्यावे. ओल्या चिखलावर तेल दिले तर त्याचा लेप होतो आणि तोच चेन खातो.

इथे 'गरज' पुरी झाली. आता जे बदल करायचे ते गरजेचे की हौसेचे, यावर घरात बरीच चर्चा झाली. तीही सांगतो.

मुलाची उंची पाच फूट चार इंच. या गाडीची सीट जमिनीपासून ८२३ मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन फुटांच्या जवळ, आणि वजन दीडशे किलोच्या वर. चिखलात थांबायची वेळ आली की त्याचा पाय पुरत नव्हता आणि गाडी कलंडत होती. कुणी सल्ला दिला, मागच्या शॉकअपची पट्टी बदलून गाडी खाली घे. मिस्त्री म्हणाले, तसे केले तर पोटाखालची जागा कमी होईल, साइडस्टँड लांब पडेल, खड्ड्यात टायर मडगार्डला लागेल. मग ही गाडी घेतली कशाला? त्यांनी दोन साधे उपाय केले. एक, मागच्या स्प्रिंगचा ताण मोजून लावला. गाडी उचलून चाकाच्या आसापासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजायचे, मग माणूस बसवून तेच अंतर पुन्हा मोजायचे. दोन्हींतला फरक शॉकअपच्या चालीच्या साधारण एक-तृतीयांश यावा. इथे १७० मिलिमीटरची चाल, म्हणजे पन्नास-पंचावन्न मिलिमीटर. मुलाने स्प्रिंग फारच आवळून ठेवली होती, म्हणून गाडी उंच आणि टणक झाली होती. दोन, सीट बनवणाऱ्याकडून पुढच्या बाजूचा फोम इंचभर छाटून घेतला. पाय टेकले. पुढे उंच माणसाला गाडी विकायची झाली तर नवा फोम टाकता येतो. जो बदल परत फिरवता येतो तो शहाणा बदल, हे त्या दिवशी आम्ही वहीत लिहून ठेवले.

दुसरा बदल स्प्रॉकेटचा. समजा पुढे १३ दाते आहेत आणि मागे ३९. म्हणजे पुढचे चक्र तीनदा फिरले की मागचे एकदा. पुढे १२ दाते केले तर तेच प्रमाण सव्वातीन होते. चढाला जोर आठ टक्क्यांनी वाढतो, सरळ रस्त्यावर तेवढाच वेग कमी होतो आणि इंजिन जास्त ओरडते. मुलाचे रोजचे काम घाट आणि पाडे यांतले असल्याने आम्ही याला 'गरज' म्हटले. नाशिक-मुंबई महामार्गावर पळणाऱ्याने मात्र हे करू नये.

हँडल उंच करण्याचे ठोकळे मिळतात. उभे राहून चालवणाऱ्याच्या पाठीला त्याने आराम पडतो. पण बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून पाहावे. आपोआप रेस वाढली तर केबल तोकडी पडते आहे. वळणावर अशी गाडी आपल्या मर्जीने पळेल.

टायरच्या बाबतीत मुलाला मोठ्या गुठळ्यांचे हवे होते. चिखलात ते उत्तम, पण ओल्या डांबरावर त्यांचा रस्त्याशी स्पर्श कमी, म्हणून घसरतात. त्याचा निम्म्याहून अधिक प्रवास डांबरावर होतो. मधल्या जातीचे टायर घेतले. ट्यूबचे टायर असल्याने पंक्चरचे सामान जवळ ठेवावेच लागते: दोन टॉमी, हातपंप, ठिगळे, आणि पुढच्या २१ इंची चाकाची एक ट्यूब. ही ट्यूब अडचणीच्या वेळी मागच्या १८ इंची चाकातही बसवून घरी येता येते, हे आम्हांला नवीन होते. चिखलात हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, पण डांबरावर येताच परत भरावी. कमी हवेत दगड लागला तर रिम ट्यूबला चिमटा घेते.

आता सायलेन्सर आणि दिवे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपयांचा दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आम्ही मुलाला विचारले, "ज्या पाड्यावर तापाने फणफणलेलं लेकरू झोपलं आहे, तिथे तू हा आवाज घेऊन जातोस?" तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी जुना सायलेन्सर पोत्यातून घेऊन आला. जळजळीत दिवेही निघाले. समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याचे डोळे दिपवून आपल्याला दिसत असेल, तर त्याला उजेड म्हणत नाहीत.

एक सावधगिरीची गोष्ट राहिली. गाडी उंच आहे म्हणून मुलगा फरशीवरून वाहत्या पाण्यात शिरायचा. हवा घेण्याच्या वाटेतून पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते हवेसारखे दबत नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टर मारूच नये. ढकलून बाहेर आणावी, प्लग काढावा, मग स्टार्टर मारून पाणी बाहेर उडवावे. फिल्टर पाहावा, आणि इंजिनाचे तेल दुधासारखे पांढरट झाले असेल तर ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नये. पण हे झाले गाडीचे. वाहत्या पाण्याची ओढ माणसाला गाडीसकट नेते. फरशी दिसत नसेल तर पलीकडचा पाडा दोन तास थांबेल. गेलेला माणूस परत येत नाही.

वहीची बेरीज केली तेव्हा 'गरज'च्या बाजूचा सगळा खर्च मुलाने आधी हौसेवर घातलेल्या पैशांपेक्षा कमी भरला. मुलाने ते दोन आकडे स्वतःच्या हाताने लिहिले. आम्ही वेगळा उपदेश केला नाही.

पोळा झाल्यावर एका रविवारी बहिणीने मुलाला गाडी दारात आणायला सांगितली. प्लास्टर निघाले होते, पण हात अजून पुरता वळत नव्हता. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, साडीगार्ड हाताने हलवून पाहिले, ते हलले नाही. मग घरात गेली आणि सुनेचा पंजाबी ड्रेस घालून आली. पन्नाशी उलटलेली आमची बहीण आयुष्यात पहिल्यांदा त्या वेषात दारात उभी होती. शेजारच्या आजी तोंडाला पदर लावून हसल्या. बहीण म्हणाली, "हसा बाई. एका बाजूला बसून मी एकदा पडले. आता दोन्हीकडे पाय टाकून बसणार." ओढणीला तिने कमरेशी गाठ मारली, नवे हेल्मेट डोक्यावर चढवले, पट्टा मुलाला लावायला सांगितला. चढताना तिला स्टूल लागले. गाडी सावकाश निघाली. कोपऱ्यापर्यंत मुलाने एकदाही रेस वाढवली नाही.

असो. वाचकहो, तुमच्या घरातल्या गाडीचे साडीगार्ड जागेवर आहे का, हे वाचून झाल्यावर उठून पाहा. नसेल तर ते घराच्या माळ्यावर कुठेतरी असेल. दोन बोल्टांचे काम आहे. आणि घरातल्या मुलाने गाडीसाठी पैसे मागितले तर नाही म्हणू नका, फक्त त्याला वहीचे एक पान द्या आणि मध्ये रेघ मारून द्या.